बाही सोडू नये

पैनगंगेच्या काठावरच्या एका गावातून एक मुलगा रोज संध्याकाळी एसटीने उमरखेडला यायचा. अंगाने दांडगा, हाताला जड. आजोबा जुने पहिलवान. भोवतालच्या जत्रांमधून त्यांनी कितीतरी नारळ आणि फेटे मिळवलेले. पण गावातली तालीम कधीच बंद पडली होती, हौद्यातली लाल माती कोरडी पडून दगडासारखी झाली होती. उमरखेडला एका शाळेच्या हॉलमध्ये ज्युडोचा वर्ग सुरू झाला तेव्हा पोरगा तिकडे गेला.

आजोबांना ते रुचले नाही. एक दिवस ते स्वतःच हॉलवर आले. "आपली माती सोडून परक्याच्या गादीवर काहून लोळता रे?"

सरांनी वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. म्हणाले, "आबाजी, 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि आपले देशी खेळ दाखवायला गेलं होतं. ज्युडोचे जनक जिगोरो कानो त्याच वर्षी त्याच शहरात होते, ऑलिंपिक समितीचे सभासद म्हणून. आपली माणसं तिकडं गेली, त्यांची विद्या इकडं आली. कुस्ती तुम्ही याला दिलीच आहे, ती कुठं जात नाही."

"मंग शिकव," आजोबा म्हणाले, आणि दाराशी बसून बघत राहिले.

त्या दिवशी सर पायाचा डाव दाखवत होते, दे-आशी-बाराई. कानोंनी 1882 साली टोकियोत कोडोकान ही आपली तालीम काढली; तिथे 1920 साली डावांची पाच गटांची यादी नव्याने लावली गेली, तिच्यात हा अगदी पहिला. दिसायला सोपा. समोरचा पाऊल पुढे टाकतो, आपण त्याचा घोटा तळपायाने बाजूला सारायचा आणि बाही खाली ओढायची. माणूस आडवा. त्यात ताकद कुठे लागते, हे बघणाऱ्याला कळतही नाही.

मुलाला वाटले, जमले. त्याने जोडीदाराच्या पायावर पाय घातला तो लाथच. जोडीदार साधारण त्याच्याच वजनाचा, त्याच्याच वर्गातला. तो कळवळला. दुसऱ्यांदा तेच. आठवड्याभरात त्या पोराच्या दोन्ही नडग्या काळ्यानिळ्या झाल्या. सर सांगत होते, "वजन टेकलेला पाय मारून हलत नाही. मारशील तर त्याचा घोटा नाहीतर गुडघा जाईल, नाहीतर तुझी बोटं." मुलगा हो म्हणायचा आणि आणखी जोर लावायचा, कारण मधूनच एखादा माणूस खरोखर पडायचा.

एका संध्याकाळी डाव अचूक बसला. जोडीदाराचे दोन्ही पाय हवेत गेले. मुलाला इतका आनंद झाला की त्याने बाही सोडली आणि दोन्ही हात वर केले. खाली जाणाऱ्या पोराला धरायला काही उरले नाही. घाबरून त्याने हात मागे टेकवला, आणि मनगट मोडले.

इथे थोडे थांबून सांगायलाच हवे. पडणे हे ज्युडोतले पहिले शिक्षण आहे. हनुवटी छातीला, पाठ गोल, डोके गादीला लागू द्यायचे नाही, आणि मोकळा हात अंगाजवळ तिरका, तळव्यासकट पूर्ण गादीवर आपटायचा, म्हणजे हिसका हातभर पसरतो आणि एका सांध्यावर येत नाही. हात टेकवून पडणारा मनगट, कोपर किंवा गळ्याजवळचे हाड घालवून बसतो. डोके आपटले तर त्याहून वाईट. खुद्द जपानमध्ये, 1983 ते 2011 या काळात, शाळांमधल्या ज्युडोत शंभराहून अधिक मुले दगावली; त्यांत नवशिके पुष्कळ होते आणि डोक्याचा मार हे मोठे कारण होते. ज्या देशाने ही विद्या जन्माला घातली तिथली ही गोष्ट. पडायला न शिकवता पाडायला शिकवणाऱ्याला मी शिक्षक मानत नाही, मग त्याच्या कमरेला कोणत्याही रंगाचा पट्टा असो. पण पडणाऱ्याची निम्मी राखण टाकणाऱ्याच्या हातात असते. त्याने बाही धरून वर खेचून ठेवली तर पडणारा कुशीवर येतो, डोके अधांतरी राहते, मोकळा हात आपटायला सवड मिळते. बाही सुटली की तो एकटा पडतो.

जोडीदाराच्या हातावर प्लास्टर चढले. वर्ग चालू राहिला, पण मुलापुढे कोणी उभे राहीना. एकाचे पोट दुखायचे, दुसऱ्याला अभ्यास असायचा, तिसरा सरळ दुसरी जोडी धरायचा. मुलगा गादीच्या कडेला उभा राहून एकटाच हवेत पाय फिरवू लागला. हवेत डाव सुंदर बसायचा.

सरांनी त्याला बोलावले. रागावले नाहीत. "गादी आहे, तू आहेस, डाव आहे. जोड कुठं आहे?"

मुलगा गप्प.

"ज्याला टाकतोस तो उद्या पुन्हा तुझ्यापुढं उभा राहिला पाहिजे. तो राहिला तर तू शिकशील. कानोंनी हेच सांगितलं, दोघांनी मिळून वाढायचं. एकट्याला ही विद्या येतच नाही. आता पुढचा हुकूम होईपर्यंत तू कोणाला टाकायचं नाहीस. सगळ्यांनी तुला टाकायचं."

सुरुवातीला त्याला लाज वाटली. सहावीतली पोरेसुद्धा त्याच्या बाह्या धरून त्याला पाडत होती. चुकीचा पाय आला की घोट्यावर ठणका बसायचा, आणि आपण त्या पोराला काय दिले होते ते त्याला आता रोज मिळू लागले. पण कधीतरी, एखाद्याकडून, वेगळेच काही घडायचे. तो पाऊल टाकायचा, गादीला तळवा जेमतेम लागायचा, आणि पाय जाग्यावर नसायचाच. दुखायचे नाही. लागल्याचेही कळायचे नाही. बाहीला एक खालचा ओढा, आणि तो कुशीवर.

हे कसे होते, ते त्याने घरी आजोबांना विचारले. आजोबांनी दे-आशी-बाराई हे नाव कधी घेतले नसेल, पण गोष्ट त्यांना लगेच समजली.

"अबे, मिरगाच्या पावसात आपल्या काळ्या मातीच्या धुऱ्यावर तू कधी घसरतो? उभा असला तं घसरत नाही. पाय उचलला तवाही नाही. पाय टेकला, अन् अंगाचं वजन त्याच्यावर यायला लागलं, तवा. थे येळ धर. ताकद घरी ठेव."

दुसऱ्या दिवसापासून तो पडता पडता मोजू लागला: पाय केव्हा उचलला, केव्हा टेकला, वजन केव्हा आले. कोण पाऊल लांब टाकतो, कोण फरफटत नेतो, कोण ढकलले की मागे जातो आणि कोण उलटा पुढे येतो, हे त्याला बाहीतूनच कळायला लागले. जे डोळ्यांनी दिसले नव्हते ते हाताला लागत होते.

सरांनी हुकूम उठवला तोवर पोफाळीच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. प्लास्टर निघालेला जोडीदार परत आला होता. पण तो मुलाकडे बघत नव्हता. मुलगा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मी टाकत नाही. तू मला टाक. पाहिजे तितक्या वेळा."

जोडीदाराने बराच वेळ विचार केला. मग बाही धरली.

त्यानंतर मुलगा त्याच्यासाठी पाऊल टाकत राहिला. आधी हळू आणि लांब, मग नेहमीसारखे, मग अवघड. "तळवा आत वळव, करंगळीची कड गादीला घासू दे. घोट्याच्या हाडाच्या खाली लाव, नडगीवर नको. नुसता पाय नको फिरवू, कंबर पुढं येऊ दे. अन् बाही तुझ्या खिशाकडं ओढ." त्याच्या तोंडून सरांचीच वाक्ये येत होती. काही दिवसांनी जोडीदार म्हणाला, "आता तू टाक." मुलाने टाकले. पाय लागल्याचा आवाजही झाला नाही. जोडीदाराचा हात गादीवर थाडकन आपटला, आणि त्याची बाही मुलाच्या मुठीत होती.

यवतमाळच्या निवड स्पर्धेत दोघे एकाच वजनगटात आले आणि अंतिम लढतीत समोरासमोर उभे राहिले. मुलाने दोनदा प्रयत्न केला. जोडीदाराला त्याची प्रत्येक हालचाल पाठ होती. तिसऱ्या वेळी मुलगाच पुढे आला, पाऊल टाकले, आणि पाय जाग्यावर नव्हता. पाठ पूर्ण टेकली. पंचांचा हात सरळ वर गेला. जोडीदाराने बाही शेवटपर्यंत धरून ठेवली होती.

प्रेक्षकांत आजोबा उठून टाळ्या वाजवत होते. शेजारच्याने विचारले, "तुमचा नातू हरला ना?"

"हरला. पण जिंकला त्याले तयार कोणं केलं?"

सोमवारी संध्याकाळी हॉलवर मुलगा जोडीदाराच्या आधी पोचला होता. गाद्या अंथरून झाल्या, दोघांनी वाकून नमस्कार केला.

"परत टाक," मुलगा म्हणाला. "या वेळी मी डावा पाय थोडा उशिरा टेकवतो. तुला कळतं का बघू."