पुढचे आसन

माणसाने स्वतःच्या हातांनी घडवलेल्या वस्तूवर स्वतःचा जीव सोपवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्याच वस्तूवर दुसऱ्याला बसवण्याचा अधिकार त्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न मात्र इतका खासगी राहत नाही. हा विचार मला सुचला तो एका लाकडी विमानापाशी उभा असताना. आणि खरे सांगायचे तर त्या विमानात बसण्याचे आमंत्रण मला मिळाले नसते तर तो सुचलाही नसता.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता इंदूरहून मुलाकडे, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, तीन महिने राहिलो. मुलाचे शेजारी शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक, वयाने माझ्याहून थोडे वडील. त्यांच्या गॅरेजात मोटार कधी उभी राहिली नव्हती. अकरा वर्षे तेथे एक दोन आसनी विमान तयार होत होते. मी गेलो तेव्हा ते पुरे होऊन गावाबाहेरील गवती धावपट्टीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभे होते.

या विमानाचा नकाशा बर्नार्ड पिटनपोल यांचा. मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या लहानशा खेड्यात राहणारा हा गृहस्थ स्वतःच शिकलेला कारागीर होता. सामान्य माणसाला परवडेल असे विमान हवे, म्हणून त्याने १९२९ साली फोर्ड मोटारीचे 'मॉडेल ए' इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसवले. मोटारीच्या इंजिनावर विमान नीट उडणार नाही, असे त्या काळचे जाणकार म्हणत. याने ते उडवून दाखवले. १९३२ साली नकाशे छापून आले आणि तेव्हापासून आजतागायत लोक 'एअर कॅम्पर' घरी बांधत आहेत. पंखांचा विस्तार सुमारे २९ फूट, सांगाडा स्प्रूसच्या लाकडाचा आणि प्लायवूडचा, वरून कापड. पंख डोक्यावर, आसने उघडी, एकामागे एक. चालवणारा मागे बसतो आणि पाहुणा पुढे. पुढचे आसन विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ असल्यामुळे तेथे कोणी बसले काय, न बसले काय, तोल फारसा बिघडत नाही. युक्ती साधी आहे. पण तिचा परिणाम असा की बांधणाऱ्याला सबंध उड्डाणभर समोर दुसऱ्याची मान दिसत राहते.

आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव हटकून निघते. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले ही कथा अनेकांच्या घरात श्रद्धेने सांगितली जाते. तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाही, आणि सारा जन्म फायलींत गेल्यामुळे असेल, कागद नसेल तर गोष्ट नाही अशी माझी शिस्त. कागद असलेले उदाहरण हवे तर मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांचे घ्यावे. कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडले. कागदाच्या शिस्तीविषयी मला पुढे आणखी बोलायचे आहे.

अमेरिकेत घरी विमान बांधण्यास कायद्याची मुभा आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून, केलेले असले पाहिजे. सरकारी तपासनीस विमान पाहतो. मात्र कारखान्यातील विमानाला लागू असलेल्या कसोट्या याला लागू नाहीत. म्हणून दोन अटी असतात. मोटारीचे इंजिन बसवलेल्या अशा विमानाला साधारणपणे पहिले ४० तास ठरावीक टापूत, प्रवाशाविना उडवावे लागते. आणि प्रवाशाला दिसेल अशा जागी एक पाटी लावावी लागते, जिचा आशय असा: हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे आणि प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांत ते बसत नाही.

मला ही पाटी प्रथम विलक्षण प्रामाणिक वाटली आणि थोड्या वेळाने तितकीच संशयास्पद. आमच्या खात्यात सूचनाफलक लावण्याचा खरा हेतू काय असतो हे मी जाणून आहे. 'पूल धोकादायक आहे' असे लिहिले की पूल दुरुस्त करण्याची निकड निम्मी संपते. जबाबदारी फलकावरून वाचणाऱ्याच्या खांद्यावर उतरते. मग ही पाटीही तशीच नव्हे काय? मुलाचे मत उलट होते. "बाबा, त्यांनी सांगितलं, तुम्ही वाचलं. तुम्ही सज्ञान आहात. आणखी काय हवं?" असे तो म्हणाला. युक्तिवाद म्हणून त्यात खोट नाही. पण ज्याला सरसाचा जोड म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याने जोडाच्या धोक्याला दिलेली संमती कितपत खरी?

त्या जोडाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. लाकडी विमानात खिळ्यांवर भिस्त नसते, सारे सरसावर असते. पंखाची प्रत्येक फासळी साच्यात ठेवून बारीक पट्ट्या आणि प्लायवूडचे तुकडे चिकटवून करतात. पूर्वी दुधातील केसीनचा सरस वापरीत. आता दोन भाग मोजून मिसळायचा इपॉक्सी असतो. मोजणीत चूक झाली तरी जोड वरून चांगलाच दिसतो. पुढे कापड चढले की तो दिसतही नाही. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात एक फोकर प्रवासी विमान कोसळून आठही जण दगावले. त्यांत नूट रॉकनी हा फुटबॉलचा विख्यात प्रशिक्षक होता. ओलाव्याने लाकडी पंखातील चिकट जोड सुटले होते आणि बाहेरून पाहून ते कळण्यासारखे नव्हते. लाकडी प्रवासी विमानांचे दिवस त्या अपघाताने भरत आले. पिटनपोलचे नकाशे छापले गेले ते याच्या पुढच्याच वर्षी.

शेजाऱ्यांकडे एक खण भरून लाकडाचे मोडके तुकडे होते. सरसाची प्रत्येक वाटी कालवली की त्यातलाच थोडा दोन फालतू तुकड्यांना लावून ठेवायचा, वाळल्यावर ते मोडून पाहायचे. लाकूड फाटले तर सरस चांगला. जोडाच्या रेषेवर सुटले तर त्या दिवशीचे सगळे काम बाद. प्रत्येक तुकड्यावर तारीख होती. एका संध्याकाळी नमुना ठेवायला ते विसरले आणि दुसऱ्या दिवशी त्या संध्याकाळच्या तीन फासळ्या त्यांनी फोडून टाकल्या. त्या बहुधा उत्तमच असाव्यात, असे ते स्वतःच म्हणाले. मी विचारले, एकटेच उडणार असता तर फोडल्या असत्या का? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, दोन ठेवल्या असत्या.

हे उत्तर मला अजून पुरते उलगडलेले नाही. एरवी असे म्हणतात की बांधणारा स्वतःच त्यात बसतो, हीच सर्वांत मोठी हमी. मला हे पूर्वी पटत असे. सहभागी होऊन धोका समान होतो हे खरे; पण दारू पिऊन मोटार हाकणाराही त्याच मोटारीत बसलेला असतो. स्वतःचा जीव पणाला लावल्याने दुसऱ्याचा लावण्याची परवानगी मिळत नाही. फार तर तुमच्या हेतूविषयीचा संशय फिटतो. हम्मुराबीच्या कायद्यात घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड होता, आणि मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. धोका समान करण्याचा हट्ट टोकाला नेला की तो असा क्रूर आणि निरर्थक होतो.

आणि तरीही त्या समानतेची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. मी एका जनपद पंचायतीत मुख्य कार्यपालन अधिकारी असताना मार्चअखेरीस पूर्णता-प्रमाणपत्रांचा ढीग येई. निधी परत जाऊ नये म्हणून सह्या कराव्या लागत. एका गावातील शाळेच्या जादा खोलीच्या कागदावर मी तशीच सही केली. उपयंत्र्याची मापपुस्तिका बरोबर होती, मी गावाला गेलो नव्हतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्या खोलीच्या ओसरीच्या स्लॅबचा एक भाग रात्री कोसळला. रात्र होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. चौकशी झाली. कागद निर्दोष निघाले आणि त्यामुळे मीही निर्दोष निघालो. त्या ओसरीत रोज चाळीस-पन्नास मुले डबा खात असत. त्यांच्या समोर कोणती पाटी नव्हती. असती तरी त्यांना 'आम्ही येथे बसत नाही' असे म्हणता आले नसते.

हे शेवटचे वाक्य मला सुचले ते शेजाऱ्यांच्या एका बोलण्यामुळे. त्यांच्या पत्नी त्या विमानात कधी बसल्या नव्हत्या. घाबरतात काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "मी तिला विचारलेलंच नाही. मी विचारलं तर तिला नाही म्हणता येणार नाही. तुम्हाला येईल, म्हणून तुम्हाला विचारलं." संमतीचा प्रश्न मी आजवर माहितीच्या बाजूने पाहत होतो: समोरच्याला किती कळले आहे? त्यांनी तो दुसऱ्या बाजूने पाहिला होता. नकार देणे ज्याला सोपे आहे, त्याचाच होकार घ्यावा. सरसाचे ज्ञान प्रवाशाला कधीच पुरेसे होणार नाही. ते पुरे करण्याचा आव आणण्यापेक्षा हे बरे. यात एक विचित्र गोष्ट अशी उरते की सर्वांत जवळच्या माणसांना मग काहीच विचारता येत नाही. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

मी होकार दिला. सौभाग्यवतींनी एकच वाक्य उच्चारले, "अहो, टोपी घट्ट बांधा." पुढच्या आसनात शिरणे हे साठीनंतरच्या गुडघ्यांसाठी नव्हे, खांबांमधून वाकून, पंखाखालून अंग चोरीत शिरावे लागते. समोर रेडिएटर उभा, त्यामुळे पुढचे फारसे दिसत नाही. पाटी मात्र अगदी डोळ्यांसमोर. शेजाऱ्यांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि मगच इंजिन सुरू केले. आम्ही वीस मिनिटे मक्याच्या शेतांवरून फिरून आलो.

परत आल्यावर, त्याच वर्षी डिसेंबरात, मी बसने त्या गावी गेलो. कोसळलेल्या ओसरीवर आता पत्रे आहेत. खोली तीच आहे. हेडमास्तरांनी कोण म्हणून विचारले, तेव्हा सेवानिवृत्त आहे एवढेच सांगितले आणि मागच्या बाकावर तास संपेपर्यंत बसलो. स्लॅबला चिरा नव्हत्या, किंवा असल्या तरी मला त्या दिसल्या नाहीत.