दोन त्रिकोण आणि माणूस

वारली चित्रांतील मानवाकृतीविषयी लिहिताना आपल्याकडे ‘आदिम साधेपणा’ हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला गेला आहे. टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण, वर वर्तुळ, काडीसारखे हातपाय. एवढ्या सामग्रीत देह उभा राहतो. पण तो उभा राहतो कोठे? भिंतीवर असतात ते त्रिकोणच. देह घडतो तो पाहणाऱ्याच्या मेंदूत. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले, की अंधारात चालणाऱ्या व्यक्तीच्या सांध्यांवरील दहाबारा प्रकाशबिंदू हलू लागताच पाहणाऱ्यास चालणारा माणूस दिसतो; बिंदू स्थिर झाले की तो बहुधा हरवतो. चित्रकाराला तर स्थिरतेतच काम करायचे असते. तारप्याभोवतीच्या वळशात तो कंबरेचा बिंदू किंचित कलता ठेवतो, गुडघा मोडतो, आणि हरवलेला माणूस परत आणतो. हा साधेपणा नव्हे. पाहणाऱ्यावर टाकलेला नेमका विश्वास आहे.

रंगाचेही तसेच. झोपडीतल्या अंधुक भिंतीवरील तांदळाच्या पिठाच्या रेषेपेक्षा बाहेर उन्हात पडलेले गेरूचे ढेकूळ डोळ्यात अधिक प्रकाश पाठवू शकते. तरी रेषा पांढरी आणि ढेकूळ तांबडेच दिसते. मेंदू प्रकाशाचे निव्वळ माप घेत नाही, शेजारच्या पृष्ठभागांशी असलेले त्याचे नाते वाचतो. मर्ढेकरांनी संवेदनांमध्ये संवाद, विरोध व समतोल ही तत्त्वे कल्पिली. येथे मात्र विरोध संवेदनेनंतर येत नाही. पांढरेपणाची संवेदनाच विरोधातून जन्मते. मर्ढेकरी सौंदर्यविचाराच्या अभ्यासकांनी हा मुद्दा तपासावयास हवा.

तथापि मेंदूविज्ञानाची साक्ष येथवरच पुरते. ते देह कसा दिसतो हे सांगते. दिसलेल्या देहाला माणूस केव्हा मानले जाते, हे नाही. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे मे १९४५ मध्ये वारली शेतकरी वेठीविरुद्ध एकत्र आले. त्यांना वेठीस धरणाऱ्या जमीनदाराच्या दृष्टीत कोणताही शारीर दोष नव्हता. समोरचा मानवदेह त्यालाही क्षणार्धात, निर्वेधपणे दिसत होता. किंबहुना राबवण्यासाठी तो तसा दिसणे आवश्यकच होते. त्या लढ्याविषयीच्या गोदावरी परुळेकरांच्या ग्रंथाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे आहे, ‘देह’ नव्हे.

डहाणूतील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी हे चित्र विधीच्या भिंतीवरून कागदावर आणले. त्यापूर्वी, आणि अनेक घरांत त्यानंतरही, लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत आल्या. वारली बोलीत चौक काढत नाहीत, लिहितात. चौकात पालघट देवी बसते, आणि तिच्याखेरीज लग्न लागत नाही. याच लग्नाच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-नवरी सावकाराचे ‘लग्नगडी’ होत, आणि ते कर्ज फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबत. चौक लिहिणाऱ्या हातांना हे ठाऊक होते. दिवाणखान्यात टांगलेल्या कागदावरून ते आपल्या मेंदूला पुरवता येत नाही.