हात न लावता

न्हावा शेवाच्या बंदरात एक यंत्र आहे. चाळीस फुटी कंटेनर त्याच्यासमोरून जातो आणि आतला माल पडद्यावर दिसतो. सील फोडायचं नाही, गोण्या उतरवायच्या नाहीत. दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तसलाच हा फोटो, फक्त किरण कितीतरी पटीनं जोरदार. एक फूटभर जाडीच्या पोलादातूनही पार जाणारे. लोखंड असलं की फोटोत गडद, धान्य-कापूस असला की फिकट. कागदावर लिहिलंय लाद्या आणि लाद्यांच्या मधोमध फिकट ढेकूळ दिसलं, की तो कंटेनर बाजूला काढतात. हमालांची टोळी लावून असा एक कंटेनर रिकामा करायचा तर दिवस मोडतो. यंत्राचं काम काही मिनिटांचं.

या तऱ्हेला कस्टमवाल्यांच्या भाषेत नाव आहे नॉन-इंट्रूझिव्ह इन्स्पेक्शन. मी डिक्शनरी घेऊन बसलो. आत न घुसता तपासणी. सरळ आपल्या बोलीत सांगायचं तर हात न लावता. न शिवता.

हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. आपले आजे-पणजे पिढ्यान्‌पिढ्या न शिवताच तपासले गेले. लांबूनच बघायचं आणि हा कोण ते ठरवायचं. पण कंटेनरला न शिवणं आणि माणसाला न शिवणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कंटेनरला शिवत नाहीत कारण तो मोलाचा. मालकाचा खोळंबा होईल, माल फुटेल, बंदराचं भाडं चढेल. आम्हाला का शिवत नव्हते ते इथं लिहून सायक्लोस्टाइलची शाई फुकट घालवत नाही.

मी राहतो बावधनला. बंदरातून निघालेले कंटेनर हायवेनं इथूनच पुढं बंगळूरकडं जातात, काही चांदणी चौकातून पिरंगुटच्या कारखान्यांकडं वळतात. चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा खुला केला, तेव्हापासून त्यांची वाट आणखी मोकळी झाली. कंटेनरच्या पाठीवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्या नंबरावरून तो जगात कुठं आहे ते मालकाला कळतं. आमच्यातले कैक जण बिहारातून, मराठवाड्यातून इथं आलेत. ते कुठं आहेत ते त्यांच्या आईला फोन लागला तर कळतं.

मी गिरणीत कामाला आहे. कुठल्या ते लिहीत नाही, नोकरी आहे. पाळी सुटली की गेटवर अंगझडती. हात वर, खिसे बाहेर, डबा उघडा, चपला झटका. बायांची वेगळी रांग, तिथं बाईच असते झडती घ्यायला, पण ओढणी ती ओढणीच. ज्या कापडाला दिवसभर आमचे हात लागतात ते गाठी बांधून, सील होऊन, इज्जतीत बाहेर जातं. कापड गेलं ते गेलं, हात तेवढे मागं राहतात झडतीला. साहेबांची गाडी आली की फाटक उघडतं आणि वॉचमन सलाम ठोकतो. त्या डिकीत काय असतं ते माझ्या तरी नजरेला कधी पडलेलं नाही.

म्हणजे आता शिवतात. गेटवर. चोर आहे का बघायला. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडावा लागला होता. तोंडाचा विटाळ धाग्याला चालत नव्हता. आज हाताचा संशय धाग्यावरून निघत नाही.

म्हणून त्या यंत्राबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हेवाच वाटला. लोखंडी खोक्याचा हेवा! हसू नका.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावानं. आपल्याच मुलखात फिरलेल्या माणसानं परदेशच्या शिक्क्याचं नाव का दिलं असेल? त्यातली पहिलीच हकीकत १९०१ ची. लहान भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची पोरं मसूर स्टेशनवर उतरून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. रात्री बैलगाडी टोलनाक्यावर थांबली. पोरं तहानलेली. गाडीवानानं सांगितलं, नाकेदाराला मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमरावांनी उर्दूत पाणी मागितलं. नाकेदारानं त्या उर्दूच्या आरपार बघितलं. पाणी मिळालं नाही.

विचार करा, नाक्याचं काम काय? गाडी मोजायची, टोल घ्यायचा. पण त्याचा डोळा गाडीवर नव्हता, गाडीत कोण बसलंय त्याच्यावर होता. त्याला ना वीज लागली ना किरण. ते यंत्र या देशात हजारो वर्षं बिनपगारी चालू आहे. आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात राहायला कुठल्या अंगाला ते विचारलं की झाला फोटो तयार.

बंदरातल्या यंत्राला हे येत नाही. त्याला घनता कळते, जाडी कळते. ते मालाचा संशय घेतं, माणसाचा घेत नाही. नाक्यावरच्या माणसाच्या डोळ्याऐवजी असा बिनजातीचा डोळा बसला तर आपण हरकत घ्यायची का? माझं मत, घ्यायची नाही. गर्द-ड्रग येतं ते शेवटी आपल्याच वस्तीतल्या पोरांच्या अंगात जातं. गर्दुल्ले पेडर रोडच्या बंगल्यासमोर पडलेले दिसत नाहीत. तेव्हा तपासणी व्हावीच.

पण पुढं गंमत आहे. सगळे कंटेनर यंत्राखाली जात नाहीत. अमेरिकेनं २००७ मध्ये कायदा केला की आपल्याकडं येणारा प्रत्येक कंटेनर जहाजात चढायच्या आधी स्कॅन झालाच पाहिजे, २०१२ पर्यंत. जमलं नाही. मुदत पुढं ढकलत गेले. जगाचा धंदा तुंबेल. मग निवड आली. आपल्या कस्टममध्ये २००५ पासून कॉम्प्युटर जोखीम मोजतो. कुणाचा माल, कुठल्या देशातून, आधी काही भानगड होती का. त्यावरून ठरतं कुणाला थांबवायचं. शिवाय २०१६ पासून भरवशाच्या व्यापाऱ्यांच्या तीन पायऱ्या केल्या. जेवढी वरची पायरी तेवढी तपासणी कमी.

म्हणजे यंत्र बिनजातीचं, पण यंत्राखाली कुणी जायचं ते यंत्र ठरवत नाही. पायऱ्या म्हटलं की आपले कान उभे राहतात, ते उगीच नाही. तरी मी याला सरसकट शिव्या घालणार नाही. या पायऱ्या जन्मावर नाहीत, वागणुकीवर आहेत. हिशेब चोख ठेवला, काही वर्षं भानगड केली नाही, की भरवसा मिळतो, आणि भानगड केली की जातो. मला तर ही गोष्ट न्यायाची वाटते. फक्त माझा सवाल असा की व्यापाऱ्याला जे शहाणपण लावलं ते कामगाराला का नाही? आमच्या खात्यात एक जण बावीस वर्षं त्या गेटमधून बाहेर पडतोय. त्याच्याकडं एक बॉबिन सापडली नाही. त्याची पायरी कुठली? तो रोज नव्यानं चोर असतो.

यंत्र आणलं म्हणजे सरहद्द सुरक्षित झाली असं म्हणणाऱ्यांना मी १९९३ ची आठवण देतो. तेव्हा असलं यंत्र नव्हतं, पण डोळे होते. सरकारी पगाराचे. जानेवारीत रायगडच्या दिघीला माल उतरला. म्हसळ्याकडं गोंडघर फाट्यावर पोलिसांनी तो अडवलासुद्धा. अडवला, सौदा केला, पैसे येईपर्यंत चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि सोडला. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तिथंही कस्टमच्या माणसांना वाटा होता. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. कोर्टानं पोलीस आणि कस्टमवाले दोघांनाही दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१३ मध्ये आला. ट्रकात काय आहे ते कळायला कुठलाच किरण लागत नव्हता. पाहणाऱ्यानं पाहायचंच नाही असं ठरवलेलं. त्याच वेळी राज्यातल्या शंभर गेटांवर कामगारांचे डबे उघडून बघणं चालू असणार, याबद्दल मला शंका नाही.

आणि यंत्र असूनही चुकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये न्हावा शेवातच एका कंटेनरात वीस टनांवर ज्येष्ठमध सापडलं, काड्यांवर हेरॉइनचा लेप दिलेलं. लाकडावर लाकडाच्याच रंगाचा लेप, फोटोत काय दिसणार? दिल्ली पोलिसांनी आधी माणसं पकडली, त्यांच्या चौकशीतून धागा बंदरापर्यंत आला. मग ते वीस टन कुणीतरी हातानंच उपसलं. शंका पडली की शेवटी हात लागतातच, आणि ते हात हमालाचे असतात. फोटो बघायला साहेब, उपसायला आपण.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मे २०११ मध्ये मेक्सिकोच्या चियापास प्रांतात पोलिसांनी दोन ट्रक असल्याच यंत्राखाली घातले. फोटोत माल दिसला नाही, माणसं दिसली. पांढऱ्या सावल्या, एकाला एक चिकटून, काही उभी, दोऱ्यांना लोंबकळलेली. दोन ट्रकांत मिळून ५१३. बहुतेक ग्वाटेमालाचे, काही आपल्या भारतातलेही, सगळे पोटासाठी अमेरिकेकडं निघालेले. तो फोटो जगभर छापला गेला. मी मोबाइलवर मोठा करून बघितला. कुणाचं नाव नाही, रंग नाही, जात नाही. पहिल्यांदाच वाटलं, हे यंत्र माणसाला नुसतं माणूस म्हणून दाखवतंय. आणि दाखवतंय ते कशाला, तर पकडायला.

ते वाचले की पकडले गेले? दोन्ही. त्या कोंडमाऱ्यात आणखी काही तास गेले असते तर त्यातले किती उरले असते? ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडला एसेक्समध्ये एका ट्रकच्या बंद ट्रेलरमधून ३९ व्हिएतनामी माणसं मेलेली निघाली. तेव्हा मी यंत्राला निर्दय म्हणायला तयार नाही. पण एक बघा. या यंत्रांत ड्रायव्हरची काळजी घेतलेली असते. त्याला खाली उतरवून लांब उभा करतात, किंवा केबिन पुढं गेल्यावरच किरण सुरू होतात. माणसावर किरण पडू नयेत असा नियमच आहे. फार चांगला नियम आहे. पण जो कागदावर माणूस म्हणून चढलेलाच नाही, जो मालाच्या जागी बसलाय, त्याच्यावर ते पडतातच. नियमाला तो माहीत नसतो.

आमच्या मुळशी तालुक्यातच, उरवड्याला, ७ जून २०२१ ला एका कारखान्यात आग लागली. १७ कामगार जळून मेले, बहुतेक बाया. जेसीबीनं भिंत फोडावी लागली. तिथल्या मालाच्या पिंपापिंपाला कागद असणार, कुठून आलं, कुठं जायचं. आत किती बाया आहेत आणि आग लागली तर त्या कुठून निघणार, हे आधी बघायला कोण आलं होतं?

सध्या आमच्या खात्यात एक अर्ज फिरतोय. बायांनीच काढलाय. हाताची झडती बंद करा, गेटवर यंत्र बसवा. सही करायची की नाही यावर डब्याच्या सुट्टीत रोज भांडण. एक म्हातारा म्हणतो, "अरे, कापड काय त्या दाराखाली वाजतंय होय? ते लोखंडाला वाजतं." खरं आहे. मग दुसरं यंत्र, अंगाच्या आरपार बघणारं. तर अमेरिकेच्या विमानतळांवरून अंगाची नागडी आकृती दाखवणारी तसली यंत्रं २०१३ मध्ये काढावी लागली, लोकांना लाज वाटत होती म्हणून. हे मी सांगितल्यावर बाया गप्प झाल्या. मग एक म्हणाली, "मग हातच बरा की काय?" तिला कुणी उत्तर दिलं नाही.

मी उत्तर शोधत कस्टमचे नियम वाचत बसलो. कंटेनर उघडायचा असेल तर मालक किंवा त्याचा एजंट समोर हजर असतो. काय उघडलं, काय सापडलं, त्याचं टिपण होतं. खोक्याला एवढे हक्क आहेत! आमची झडती कुठल्याही वहीत नाही.

म्हणून अर्जात मी चार ओळी वाढवल्या. यंत्र बसो न बसो, झडती सगळ्यांची रोज नको, चिठ्ठी टाकून निघेल त्याची घ्या, आणि चिठ्ठीत साहेबांच्या गाडीचा नंबरही टाका. झडतीच्या वेळी कामगारांचा एक माणूस समोर पाहिजे. वहीत नाव, वेळ आणि काही सापडलं नाही हे लिहिलं पाहिजे. पाच वर्षं काही सापडलं नाही त्याला सोडा.

गाडीच्या नंबराची ओळ काढ, असं दोघा-तिघांनी सांगितलं. ती असली तर अर्ज ऑफिसात कुणी हातात घेणार नाही म्हणतात. ती मी ठेवली आहे. एकतीस सह्या झाल्यात, त्यातल्या नऊ अंगठे. दुसऱ्या पाळीतल्यांच्या व्हायच्या आहेत.