डावीकडचे शून्य

साताच्या उजवीकडे शून्य मांडले की सत्तर होतात. डावीकडे कितीही शून्ये मांडा, सात ते सातच. हे आम्ही शिक्षक मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत, आणि गणित म्हणून ते निर्विवाद आहे. परंतु अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्याच असते काय? हा प्रश्न मात्र गणिताचा नव्हे, विवेकाचा आहे.

हिशेबाच्या तक्त्यासाठी संगणकावर एक्सेल वापरणारे कोणी ना कोणी आता अनेक घरांत असते. साध्या मजकुराच्या फायलीतली यादी त्यात उघडली, की अंक दिसताच तो त्यांना संख्या समजतो आणि डावीकडची शून्ये गाळून टाकू शकतो. अमेरिकेत १९६३ साली पाच अंकी टपाल-क्रमांक सुरू झाले. बॉस्टनच्या एका भागाचा क्रमांक ०२१०८. तक्त्यात तो २१०८ होतो. आपला १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून तो बचावला. पण दूरध्वनीसाठी मुंबईचा ०२२ आणि पुण्याचा ०२० यांचे नुसते २२ आणि २० उरतात.

एका शून्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. शिष्यवृत्तीच्या यादीत एखाद्या मुलीच्या बँकखात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर त्या शून्यावाचून तिचे पैसे वाटेतच अडू शकतात. तिच्या दृष्टीने ते शून्य बिनमोल खचितच नाही.

संख्या 'किती?' या प्रश्नाचे उत्तर देते, खातेक्रमांक 'कोण?' या प्रश्नाचे. दोन खातेक्रमांकांची बेरीज करून काय हाती लागेल? काहीच नाही. जिथे बेरीज निरर्थक ठरते, तिथे अंकांच्या वेषात नाव उभे आहे असे समजावे. आणि नावातले कोणते अक्षर फुकटचे असते?

गेलेले शून्य परत आणता येते, पण नेहमी नाही. क्रमांक पाचच अंकांचा असतो हे ठाऊक असेल, तर उणीव भरता येते. परंतु लांबी ठरलेली नसेल, तर ७, ०७ आणि ००७ हे तिघेही ७ होऊन बसतात. मग कोणाचे काय गेले हे सांगणार कोण? म्हणून उपाय आधीच करावा लागतो. यादी आत घेतानाच त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, असा निवडायचा. हाताने लिहिताना अंकांआधी एक अपॉस्ट्रॉफी द्यायची. एवढ्याने शून्य जागेवर राहते.

हाच तक्ता काही जनुकांच्या नावांना तारखा समजत असे. अखेर २०२० साली शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने ती जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. असले आपोआप होणारे बदल थांबविण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. तोवर यंत्र जागचे हलले नाही. माणसांनीच वाट बदलली.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मोजण्यासाठीच घडविले आहे. समोर काय आले हे ओळखण्याचे काम आपले. मोजण्याच्या घाईत आपणही घरातल्या न कमावणाऱ्या माणसाला असेच गाळीत असतो: त्याने बेरीज वाढत नाही, म्हणून. पण घर ही काही नुसती बेरीज नव्हे.