आरंभाचा अधिकार

संगणकाची कळ दाबल्यापासून तो आपल्या सेवेस सिद्ध होईपर्यंत त्याच्या पोटात काय घडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्सच्या संसारात या आरंभाला एक धनी असतो. त्याचे नाव 'इनिट', क्रमांक एक. बाकीची कामे त्याच्यापासून सुरू होतात. ज्या कामांचा जनक आधीच संपला, त्या पोरक्यांना तोच पदरात घेतो. आणि तो कोसळला तर सारा कारभार थांबतो.

जुन्या इनिटची रीत साधी होती. आज्ञापत्रे ओळीने वाचावीत. एक सेवक उठला की दुसऱ्यास उठवावे. लेनर्ट पोटरिंग यांनी २०१० साली 'सिस्टमडी' मांडली ती ही रांग मोडण्यासाठी. सेवक उठण्याआधीच त्यांची दारे उघडून ठेवावीत. निरोप दाराशी साठतील आणि सर्वांना एकदम उठवता येईल. कोणत्या सेवकाची कोणती पोरे, याचा चोख हिशेबही तिने ठेवला. शेकडो ओळींच्या आज्ञापत्रांऐवजी चारदोन ओळी पुरू लागल्या.

मग एवढा तंटा का माजला? डेबियन या लिनक्सच्या परिवारात २०१४ साली तांत्रिक समितीची मते समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी स्वीकारली गेली आणि काहींनी 'डेव्हुआन' नावाची वेगळी चूल मांडली. हा केवळ जुन्याचा मोह होता, असे मला वाटत नाही. गुंतागुंत नाहीशी होत नाही. ती जागा बदलते. पूर्वी ती प्रत्येक यंत्रपालाच्या हातातील आज्ञापत्रांत होती. त्याला ती वाचता येई, मोडता येई. आता ती क्रमांक एकच्या आणि त्याच्या गोतावळ्याच्या पोटात गेली. नोंदवहीसुद्धा साध्या अक्षरांत राहिली नाही. ती वाचायला त्याच घरचे साधन लागू लागले.

सुधारकाची बाजू खरी होती, हे मी मान्य करतो. परंतु दुसऱ्याचे ओझे उचलताना त्या ओझ्यावरचा त्याचा अधिकारही आपण नकळत उचलतो, आणि हे सुधारकाच्या ध्यानी क्वचितच येते. उपकार करणाऱ्यास म्हणूनच कृतज्ञतेऐवजी संताप मिळतो, आणि तो चकित होतो. बरोबर असणे एवढ्याने बदलाचा अधिकार पुरा होत नाही. ज्यांना त्या बदलात राहायचे आहे, त्यांच्या हाती काही किल्ल्या ठेवाव्या लागतात. पोरक्यांना पदरात घेणे हा क्रमांक एकचा जुना धर्म. नव्या धन्यालाही तो सुटलेला नाही.