दिवसाचा नैवेद्य



कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडला जातो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार यांचा उच्चार होतो; मग यजमानाचे नाव व गोत्र येते आणि देवाकडे काय मागावयाचे ते सर्वांच्या शेवटी. देवापुढे बसताना माणसाने काळाचे स्मरण आधी करावे, अशी ही योजना आहे. पूजा आटोपली की मात्र त्याच काळाचा विसर पडतो आणि ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार घरोघरी सुरू होते.

वडूज परिसरात येणाऱ्या यात्रेकरूंचेच पाहावे. पुसेगाव, औंध, गोंदवले ही क्षेत्रे येथून फार दूर नाहीत. त्यामुळे एका दिवसात सर्व दर्शने उरकण्याचा बेत पुष्कळ जण आखतात. बेत वाईट नाही. परंतु पुसेगावी श्रीसेवागिरी महाराजांच्या समाधीपुढे हात जोडताना लक्ष औंधच्या यमाईच्या डोंगराकडे असते, आणि डोंगर चढताना गोंदवल्याच्या महाप्रसादाच्या वेळेकडे. देणगीची पावती हाती पडताच गाडी सुरू होते. सायंकाळी विचारले तर मूर्तीच्या अंगावर कोणत्या रंगाचे वस्त्र होते, हेही आठवत नाही.

घरात सण असला म्हणजे गृहिणी नैवेद्याचे पान आधी वाढते. सर्वांची जेवणे झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते देवापुढे ठेवण्याची रीत कोणत्याही घरात नाही. वेळेच्या बाबतीत मात्र हेच सर्रास घडते. मुलांचा अभ्यास, आई-वडिलांची विचारपूस, स्वतःचे आरोग्य, नामस्मरण या सर्वांना दिवसाचे उष्टे तेवढे मिळते, आणि कित्येकदा तेही मिळत नाही.

वडूजजवळचे वडगाव हे जयराम स्वामींचे गाव. समर्थ रामदासांसह ज्या पाच सत्पुरुषांना रामदासपंचायतन म्हणतात, त्यांतील ते एक. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात महंताच्या कामांचा क्रम लावून दिला आहे. पहिले स्थान हरिकथेच्या निरूपणास, दुसरे राजकारणास, तिसरे सर्व बाबतींतील सावधपणास आणि चौथे साक्षेपास. यातील एकही काम त्यांनी वगळलेले नाही. राजकारण सोडून केवळ कथा करा असे ते म्हणत नाहीत. पण राजकारणाला पहिल्या पाटावर बसू देत नाहीत. प्रपंचाविषयीही त्यांचे सांगणे असेच रोखठोक आहे. तो आधी नेटका करावा, मग परमार्थाकडे वळावे. कामे टाकून देवळात बसणाऱ्यास दासबोधात आधार सापडणार नाही.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी संस्थानचा कारभार पाहत, चित्रे काढीत, कीर्तनही करीत. एवढ्या व्यापातही त्यांचे नित्याचे सूर्यनमस्कार सुटले नाहीत. त्यांच्याहून अधिक कामे असणारे थोडेच असतील.

क्रम ठरलेला असला की प्रसंगी तो बदलताही येतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला. बाजरी रानात उभी असण्याचे ते दिवस. खटाव तालुक्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात हातातोंडाशी आलेले पीक म्हणजे वर्षाची भाकरी. तरीही खेड्यापाड्यांतील शेतकरी ते मागे ठेवून तिरंगा घेऊन निघाले. पोलिसांच्या गोळीबारात वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जणांना वीरमरण आले. त्या दिवशी रानातले काम महत्त्वाचे नव्हते असे कोण म्हणेल? त्याहून मोठे काम समोर उभे होते, आणि ते ओळखण्यास त्यांना विलंब लागला नाही. वडूजला येणाऱ्या भाविकाने हुतात्म्यांच्या स्मृतीस वंदन करून पुढे जावे.

मोठे काम नेहमी असे गर्जत येत नाही. पुष्कळदा ते घरातील कोपऱ्यात मुकाट्याने पडून असते. पुंडलिकाची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा पूर्वार्ध सहसा सांगितला जात नाही. आई-वडिलांची हेळसांड करून हा पुंडलिक काशीयात्रेस निघाला होता. म्हणजे तोही एक यात्रेकरूच! वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. पुढे त्याच्या दारी प्रत्यक्ष परमेश्वर आला, तेव्हा तो माता-पित्यांची सेवा करीत होता. त्याने पाहुण्याचा अनादर केला नाही. उभे राहण्यास वीट दिली आणि हातातले काम चालू ठेवले. परमेश्वर रागावला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी वृद्ध आई-वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांनी दर्शन राहिले म्हणून मनास लावून घेऊ नये. पुढील वर्षी यावे, त्याच्याही पुढच्या वर्षी यावे. आणि जे आलेच आहेत, त्यांनी एखादे क्षेत्र पुढच्या खेपेस ठेवले तरी चालेल. येथील सभामंडपात पंधरा मिनिटे, भ्रमणध्वनी बंद करून, स्वस्थ बसावे. दुपारची वेळ त्यासाठी बरी. तेव्हा गर्दी नसते.