वाहन लावण्याचा धर्म

कीर्तन संपले, आरती झाली, कपाळी बुक्का लागला, की मंडळी एकमेकांच्या पाया पडतात. वारकऱ्यांची ही रीत जगावेगळी आहे. लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठाही लहानाच्या पाया पडतो. समोरच्याची जात कोणती, वय काय, शिकलेला की अडाणी, हे कोणी विचारीत नाही. पण हीच मंडळी मंडपाबाहेर येऊन गाडीच्या चाकाशी बसली, की निराळीच होतात. पाव घटकेपूर्वी ज्याच्या पायांवर डोके ठेवले, त्याच्याच गाडीला मागून धक्का देतात, आरशात एकदा बघतात आणि निघून जातात. उतरून पाहणेसुद्धा नाही.

मागे पंचवटीत एका सप्ताहात माझे काल्याचे कीर्तन होते. मंडपामागच्या मोकळ्या पटांगणात दीडदोनशे वाहने उभी होती. मला आणावयास जो मुलगा आला होता, तो दुसऱ्याची गाडी पगारावर चालविणारा. काल्याचा प्रसाद घेऊन आम्ही गेलो तो मागचा दिवा फुटलेला, पत्रा आत गेलेला आणि दारापर्यंत लांब ओरखडा. पोरगा मटकन खालीच बसला. राखणीला एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना विचारले, तर म्हणाले, "महाराज, पांढरी गाडी होती. मी हाक मारली. त्यानं काच खाली केली, 'माउली माउली' म्हणाला आणि गेला. गळ्यात माळ होती, कपाळाला बुक्का होता."

त्या मुलाच्या पगारातून मालकाने दोन हप्त्यांत पैसे कापून घेतले. मालकाला दोष देता येत नाही असे नाही, पण तो विषय वेगळा. मी विचार करतो त्या 'माउली माउली'चा. नाम घेतले आणि पळाला! आमच्या संप्रदायात नामाने पाप जळते असे सांगतात, ते खरेच आहे; परंतु दुसऱ्याच्या गाडीचा दिवा नामाने जोडला जात नाही. तो गॅरेजातच जोडावा लागतो, आणि त्याचे पैसे कोणीतरी मोजतो. येथे ते, ज्याचा काही संबंध नाही अशा एका पोराने मोजले.

कोणी म्हणेल, महाराज, मोटारी आत्ता आल्या, शास्त्रात त्यांचे काय असणार? अहो, मोटारी नव्हत्या, पण रथ होते, गाड्या होत्या, आणि माणूस हाच होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात यानाचे, म्हणजे वाहनाचे, प्रकरणच आहे. (मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी आम्हाला मान्य नाहीत. संतांनी त्या केव्हाच बाजूला सारल्या, आणि याच पंचवटीत काळारामाच्या दाराशी १९३० साली माणसांना देवाच्या दर्शनासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरून मी त्या ग्रंथाची थोरवी गाणार नाही. पण गाडीच्या धक्क्याविषयी जे सांगितले, ते आज वकिलानेही ऐकावे असे आहे.) तेथे दहा कारणे दिली आहेत की ज्यांत गाडीवानाला दंड नाही. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले, बंद किंवा दोर तुटले, जनावर आडवेतिडवे गेले वा मागे वळले, किंवा गाडीवानाने 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितले, तर दंड नाही. बाकी सर्व ठिकाणी दंड आहे. पुढे गंमत बघा. गाडीवान अडाणी असेल तर दंड मालकाला, कारण अशाच्या हाती गाडी दिलीच का? गाडीवान जाणता असेल तर दंड गाडीवानाला. आणि गाडीवान अडाणी आहे हे ठाऊक असून जे त्याच्या गाडीत बसले, त्या प्रत्येकाला शंभर शंभर दंड! दिंडीला जाताना चौदा वर्षांच्या नातवाच्या हाती चाके सोपवून मागे हरिपाठ म्हणत बसणाऱ्या आजोबांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच्या थोडे आधी एक सर्वसाधारण नियम आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा नाश जाणून केला असो वा न जाणता झाला असो, ज्याने केला त्याने त्या धन्याचा संतोष करावा, आणि तेवढेच द्रव्य राजाला द्यावे. संतोष हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. नुसते पैसे फेकावे असे म्हटलेले नाही. ज्याची वस्तू त्याचे मन शांत झाले पाहिजे. आणि 'न जाणता' म्हणजे काय? 'मला कळलेच नाही हो' हे आपले नेहमीचे उत्तर. ते उत्तर पूर्वजांनी आधीच ऐकून ठेवले होते, आणि त्याने सुटका नाही असे लिहून ठेवले.

आजचा कायदाही फार दूर गेलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम आमच्या दिंडीतल्या वकीलसाहेबांनी मला वाचून दाखविले. अपघातात कोणी जखमी झाला तर त्याला उपचार मिळवून द्यावे हे तर आहेच. पण दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरी चालकाने पोलिसाने मागितलेली माहिती द्यावी, आणि पोलिस जागेवर नसेल तर जवळच्या ठाण्यावर लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जाऊन घडले ते सांगावे. म्हणजे निघून जाणे हा निव्वळ अविचार नाही, गुन्हा आहे. शिवाय तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. लोक म्हणतात, "त्याचा विमा असेल, त्याला काय तोटा?" तोटा असा, की वर्षभर विम्याची मागणी केली नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, आणि वाढत वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत. लहानशा ओरखड्यासाठी मागणी केली की ती सूट गेली. म्हणून बिचारा गप्प बसतो आणि खिशातून भरतो. तुम्ही पाच मिनिटे वाचविलीत, त्याची पाच वर्षांची पुंजी गेली.

वाहनतळाच्या पावतीवर मागे बारीक अक्षरात छापलेले असते, नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. सरसकट तेही खरे नाही. किल्ली घेऊन गाडी आपल्या ताब्यात ठेवणाऱ्या हॉटेलाला असे छापून स्वतःच्या हयगयीतून अंग काढून घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. आमच्या धर्मशास्त्रात अठरा व्यवहारपदे आहेत, त्यांतले दुसरेच पद निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या ठेवीचे. किल्ली हाती दिली म्हणजे ठेव दिली.

असो. कायदा झाला, स्मृती झाली. आपल्या घरचे काय म्हणणे आहे ते बघू. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना माउली अहिंसेपाशी आल्या, आणि तेथे थांबल्या. अहिंसा म्हणजे मारू नये, एवढे सांगून पुढे गेल्या नाहीत. अहिंसा ज्याच्या अंगी बाणली तो माणूस चालतो कसा, पाऊल कसे टाकतो, हात कसा हलवितो, बोलतो कसा, बघतो कसा, हे सारे सांगितले. भुंगा कमळावर उतरतो तेव्हा केसर चुरगळतील म्हणून किती जपतो! तसा हा भूमीवर पाय ठेवतो, कारण तिथे बारीकसारीक जीव असतील. आता मला सांगा, आठशे-हजार किलोचा पत्रा घेऊन जो मागे सरकतो, त्याने किती जपावे? आपण पायी चालताना मुंगी चुकवितो आणि गाडीत बसलो की माणूस चुकवीत नाही, हे कोणते अहिंसेचे लक्षण?

एकजण मला म्हणाले, "महाराज, मी मनात जप करीत होतो, लक्ष राहिले नाही." त्यांना मी गोरोबाकाकांची आठवण दिली. काका माती तुडवीत होते, मुखी विठ्ठलनाम होते, तल्लीन झाले होते आणि पोटचे लेकरू पायाखाली आले. तल्लीनता खरी होती, यात शंका नाही. पण त्या कथेत कोणी असे म्हणत नाही की भजन चालू होते म्हणून काही बिघडले नाही. आईने हंबरडा फोडला, तो कथेत ठेवलेला आहे. पांडुरंगाने पुढे लेकरू परत दिले. आमच्यातुमच्यासाठी तो गॅरेज उघडून बसेल असा भरवसा धरू नये. चाक हाती असताना जप करायचा तर डोळे उघडे ठेवून करावा.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो मंडळी मोठ्या खुबीने काढतात. "संत क्षमाशील असतात. नाथमहाराजांवर याच गोदामाईच्या काठी, पैठणला, एकजण पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते पुन्हा पुन्हा स्नान करीत राहिले. मग एका ओरखड्यासाठी एवढी कटकट कशाला?" बरोबर. पण थुंकणाऱ्याने नाथांना क्षमेचा उपदेश केला होता काय? क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याच्या गाठीची वस्तू आहे. ज्याने केले त्याला ती दुसऱ्याच्या कनवटीची काढून घेता येत नाही. तुकोबारायांचे उदाहरण घ्या. त्यांनी सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांच्या तोंडी आहे. पण कोणती बुडविली? कान्होबांशी वाटणी करून त्यांची निम्मी खते त्यांच्या हाती दिली, आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडविली. येणे होते ते सोडले. भावाचे येणे सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्या विरक्त पुरुषाने त्या क्षणीही ओळखले. मग पगारी पोराच्या खिशातले सोडून देणारे आपण कोण?

भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपल्या मातेला सांगतात की सर्वांभूती मी असताना त्यांची उपेक्षा करून जो मूर्तीच तेवढी पूजितो, त्याची आहुती राखेत पडते. आपण मागच्या काचेवर विठोबाचे चित्र लावतो. ते पाहूनच पुढच्याला आपली गाडी ओळखू येते, हेही लक्षात असू द्या.

नाशिकात राहणाऱ्यांना या गोष्टी रोजच्या आहेत. रविवार कारंजा, मेनरोड, शालिमार येथे दुकानापुढे 'आलोच दोन मिनिटांत' म्हणून आडवी लावलेली दुचाकी. मागचा मनुष्य अर्धा तास घामाने निथळत उभा. दुसऱ्याच्या फाटकापुढे गाडी लावून रामकुंडावर स्नानाला जाणे, आणि आतल्या घरी म्हातारीला दवाखान्यात न्यायचे. गंगेवरच गाडी धुणे, आणि मग तेच पाणी तीर्थ म्हणून पिणे! देवळाच्या दारात दुसऱ्याच्या चपलांवर आपल्या चपला फेकणे, हेही याच जातीचे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची सूचना मिळते, दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागते, तरी गौरी पटांगणावरची गाडी हलविण्याचे नाव नाही. मग ती काढण्यासाठी दुसऱ्यांनी कमरभर पाण्यात जीव घालावा. स्वतःची गाडी बुडाली तर ती बुडवावी, मला हरकत नाही. पण ती ओढणारा कोणाचा तरी मुलगा असतो.

जागा अडविणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला, काळारामाच्या बाजूने सरदार चौकाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेत गर्दी दाटली आणि ३० हून अधिक भाविक चेंगरून गेले. तेथे गाड्यांचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण अशा वाटेवर हातभर जागेला काय मोल असते, ते त्या दिवशी कळले. २०१५ ला बाहेरची वाहने शहराबाहेर थांबवून यात्रेकरूंना एसटीने आत आणले, तेव्हा 'आम्हाला चालविले' म्हणून कुरकुर करणारेही आपल्यातच होते. पंढरीला पायी जाणाऱ्यांनी मैलभर चालण्याची तक्रार करावी! २०२७ च्या स्नानांना तरी हे ऐकू येऊ नये.

निवृत्तिनाथांच्या पौषवारीला दिंड्या त्र्यंबकरस्त्याने निघतात. सोबत स्वयंपाकाच्या सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, आजाऱ्यांची जीप असते, आणि त्र्यंबकेश्वरी जागा किती अपुरी ते सर्व जाणतात. आमच्या दिंडीत असे ठरविले आहे: प्रत्येक वाहनाच्या पुढच्या काचेवर दिंडीचे नाव, चालकाचे नाव आणि फोनचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला राहील. मागे सरकताना एकजण खाली उतरून हात दाखवील. कोणाच्या वाहनाला, दुकानाला, घराच्या ओट्याला धक्का लागला तर मालक सापडेपर्यंत तेथेच थांबावयाचे, नाहीच सापडला तर चिठ्ठी लिहून ठेवावयाची आणि ठाण्यात कळवावयाचे, मग दिंडी गाठावयाची. सायंकाळच्या हरिपाठाआधी चालकाने ते विणेकऱ्यांच्या कानी घालावे. खर्च चालकाच्या पगारातून कापला जाणार नाही. दिंडीच्या पेटीतून भागवावा, आणि पेटीत कमी पडले तर त्या दिवशी गोड करू नये.